माणसांपासून लांब, पण वाडीच्या हाकेवर

वाचकांचे प्रश्न : रानातला एकांतवास

रानात एकटं राहण्याबद्दलची बरीच पत्रं या महिन्यात आली. काही निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या वाचकांची, काही तिशीतल्या तरुणांची. सह्याद्रीत राहण्याचा, पाणी-धान्य साठवण्याचा आणि रानातल्या औषधोपचाराचा रोजचा संबंध असलेल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. सारख्या प्रश्नांची मोट बांधली आहे.

कान्हेरीच्या गुंफांमध्ये शेकडो वर्षं भिक्षू राहिले. तसं आज राष्ट्रीय उद्यानात एखाद्या कपारीत किंवा येऊरच्या बाजूला झोपडी बांधून राहता येईल का? – एक वाचक, बोरिवली

नाही, एक रात्रही नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. परवानगीवाचून आत शिरणं, मुक्काम करणं, चूल पेटवणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. कान्हेरी त्यातही केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे ठरलेल्या वेळेबाहेर थांबता येत नाही. उद्यानाबाहेरची राखीव वनंही मोकळी नाहीत, त्यांना १९२७चा भारतीय वन कायदा आहे. 'वनहक्क कायद्याने रानात राहायला मिळतं' असं काहींनी लिहिलं आहे. २००६चा तो कायदा आदिवासींसाठी आणि पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांसाठी आहे. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. शहरातून आज उठून गेलेल्या माणसाला त्यातून काही मिळणार नाही.

कान्हेरीला मात्र जरूर जा, आणि मूर्तींच्या आधी टाकी बघा. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक विहाराला खडकात खोदलेलं स्वतःचं पाण्याचं टाकं आहे. तोंड लहान, पोट मोठं. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदून पावसाचं पाणी टाक्याच्या तोंडाशी आणलेलं दिसतं. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे आणि ती खोदून देणाऱ्या दात्यांमध्ये कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. डोंगरावरच्या भिक्षूचा एकांत खालच्या बाजारपेठांच्या दानावर आणि भिक्षेवर उभा होता. रानात एकटं राहू पाहणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून चालावी, कारण पुढच्या प्रत्येक उत्तरात ती कुठे ना कुठे येणारच आहे.

मुरबाड-कर्जतकडे एकरभर रान विकत घ्यावं म्हणतो. शेतकरी दाखला नाही. – डोंबिवली

दाखला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही (१९४८चा कूळकायदा, कलम ६३). आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर अडचण आणखी मोठी. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा, वनाचा शेरा तिथेच सापडतो. आमचा सल्ला असा की पहिली दोन वर्षं काहीही विकत घेऊ नका. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत, गावठाणाच्या कडेला, बंद पडलेलं घर भाड्याने मिळतं. रीतसर भाडेकरार करा आणि पोलीसपाटलांना जाऊन भेटा. कोण, कुठला, कशाला आला हे त्यांना ठाऊक असलं की पुढची निम्मी कटकट टळते.

जागेजवळ झरा आहे. तो वर्षभर पुरेल का? नाहीतर पाणी साठवायचं कसं? – मुलुंड

झरा फेब्रुवारीत बघितला असेल तर एप्रिलअखेर पुन्हा बघून या. आपला डोंगर काळ्या कातळाचा. भेगांत जेवढं मुरलं तेवढंच पाणी, बाकी सगळं ओढ्याने खाली. कोकणच्या बाजूचे कितीतरी झरे होळीनंतर आटतात. तेव्हा आधार छपराच्या पाण्याचा धरा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, डोंगराकडे त्याहून जास्त. वीस चौरस मीटरचं कौलारू छप्पर धरलं आणि उडून-सांडून वीस टक्के गेलं म्हटलं, तरी छत्तीस हजार लिटर हाती येतं. पाणी कमी पडत नाही, कमी पडते ती साठवायची जागा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत २४० दिवस. पिण्याला आणि स्वयंपाकाला चार लिटर, बाकी सगळ्याला सोळा, असे रोज वीस लिटर धरले तर ४,८०० लिटर होतात. एक हजार लिटरची टाकी फक्त पिण्याची आणि चार हजारांची वापराची, अशा दोन वेगळ्या ठेवा. एकच मोठी ठेवली आणि त्यात उंदीर पडला, तर ऐन मार्चमध्ये सगळंच पाणी जातं. टाकी काळी घ्या, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. तोंडाला मच्छरजाळीची बारीक जाळी दोन पदरी बांधा. नळ तळापासून चार बोटं वर बसवा म्हणजे गाळ खाली राहील. चार हजार लिटर म्हणजे चार टन वजन, त्यामुळे टाकी धुमसाने ठोकून घेतलेल्या सपाट जोत्यावर हवी. भरावाच्या मातीवर ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात कलते आणि नळाचा जोड तुटतो.

पन्हळ पीव्हीसीच्या १६० मिलिमीटर पाइपाची, उभी चिरून करा. उतार मीटरला एक सेंटिमीटर. आधार दर दोन-अडीच फुटांवर द्या, ओल्या पाल्याचं वजन फार असतं. कौलाच्या कडेपेक्षा पन्हळीची बाहेरची धार थोडी वर ठेवा, नाहीतर जुलैतल्या सरीचं पाणी पन्हळ ओलांडून अंगणात पडतं.

छपरावर आठ महिन्यांची धूळ, पाला, पक्ष्यांची विष्ठा असते. ते पाणी टाकीत जाता कामा नये. त्यासाठी टाकीच्या अलीकडे ११० मिलिमीटरचा एक उभा पाइप सोडा. चौरस मीटरला एक लिटर घाण पाणी धरा. वीस चौरस मीटरला वीस लिटर, आणि या पाइपात मीटरला साडेआठ लिटर मावतं, म्हणून लांबी सव्वादोन ते अडीच मीटर. खाली पेचाचं झाकण लावून त्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. सर आली की आधी हा पाइप भरतो, आतला रबरी चेंडू तरंगत वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. पाऊस थांबला की भोकातून थेंब-थेंब गळत पाइप रिकामा होतो. बिघडतं ते इथेच. पाल्याचा चोथा भोकात बसतो, पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण थेट टाकीत उतरते. पावसाळ्यात दर आठवड्याला झाकण काढून चोथा झटकायचा. पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे होईपर्यंत पिण्याची टाकी भरूच नका, छप्पर धुऊन निघू द्या. गवताने शाकारलेल्या छपराचं पाणी पिवळट आणि वासाचं येतं, ते वापरापुरतंच.

पिण्याचं पाणी दुपदरी सुती फडक्याने गाळून उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. तीन मिनिटांचा नियम दोन हजार मीटरच्या वरचा आहे आणि आपलं कळसूबाईदेखील १,६४६ मीटरच आहे. सरपण वाचवायचं असेल तर पाच टक्क्यांच्या साध्या, बिनवासाच्या हायपोक्लोराइटचे लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवा. अर्ध्या तासाने क्लोरीनचा अगदी पुसट वास यायला हवा. अजिबात आला नाही तर पुन्हा दोन थेंब. बाटली जुनी झाली की औषधाचा जोर जातो, म्हणून दर पावसाळ्याआधी नवी घ्या. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी काढून घ्या, मग थेंब टाका.

पावसाळ्याचे चार महिने खाली न उतरता राहायचं तर धान्य किती लागेल? – गिरगाव

कोकणात आगोटीची बेगमी म्हणतात तीच करायची, फक्त एका माणसाची. अंगमेहनत करणाऱ्याला दिवसाला अडीच हजार कॅलरींच्या वर लागतं. शहरातल्या भुकेवर अंदाज बांधू नका. लाकडं वाहणारा, चढ-उतार करणारा माणूस दीडपट जेवतो. रोजचं माप असं धरा : धान्य ४५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ९०, शेंगदाणे ५०, गूळ ४०, तेल ३० मिलिलिटर. १२० दिवसांना तांदूळ ३४ किलो, नाचणी २०, डाळी आणि कडधान्य ११, शेंगदाणे ६, गूळ ५, तेल ४ लिटर, मीठ २ किलो. वर हळद, तिखट, आमसूल, चिंच, वाळवलेला आवळा. आवळा चैन म्हणून लिहिलेला नाही. चार महिने नुसत्या डाळभातावर काढले तर क जीवनसत्त्व कमी पडून हिरड्या सुजतात.

मिठात काटकसर करू नका. सैबेरियाच्या तैगा जंगलात एक रशियन कुटुंब १९३६च्या सुमारास माणसांपासून दूर गेलं आणि १९७८मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांना सापडलं. त्यांना वर्षानुवर्षं सर्वांत जास्त जाणवलेली उणीव मिठाची होती. १९६१मध्ये जूनमध्ये पडलेल्या बर्फाने त्यांचं पीक गेलं आणि घरातली आई उपासमारीने दगावली. बी म्हणून राय धान्याचं एकच रोप उगवलं, त्याची त्यांनी रात्रंदिवस राखण केली. स्वतः पिकवून खाण्याचा विचार असेल तर एका वर्षाचं बी आणि एका वर्षाचं धान्य कायम बाजूला असलं पाहिजे.

नाचणीचा आग्रह यासाठी की ती अख्खी ठेवली तर वर्षानुवर्षं किडत नाही. पीठ मात्र पावसाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत कडवट होतं, तेव्हा लहान जातं घ्या आणि लागेल तसं दळा. डाळ, कडधान्य, नाचणी मेच्या कडक उन्हात तीन दिवस वाळवा. तांदळाला ऊन दाखवू नका. दाणा तडकतो आणि शिजताना कणी होते. तो सावलीत, वाऱ्यावर पसरा. वाळलेलं धान्य ऊन असतानाच डब्यात भरण्याची चूक फार जण करतात. रात्रीच्या गारव्याने झाकणाच्या आत दव धरतं, वरचा थर भिजतो, बुरशी तिथून सुरू होते. धान्य रात्रभर निवू द्यायचं आणि पहाटे दव पडायच्या आत भरायचं. डाळीला हाताला लागेल इतकंच एरंडेल चोळा.

प्लॅस्टिकचा पिंप उंदीर एका रात्रीत कुरतडतो. घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबेच घ्या, आणि एका मोठ्या डब्याऐवजी महिन्याचा एक असे चार भरा. झाकणाच्या कडेला मेण किंवा चिकटपट्टी लावा आणि महिन्याचा डबा त्या महिन्यालाच फोडा. जुलैत उघडलेल्या डब्यात दर वेळी ओलसर हवा शिरते, पण सप्टेंबरचा डबा तोवर मेमधलाच कोरडेपणा धरून असतो. मासळी खाणाऱ्यांनी सुकट-बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्यात ठेवावेत आणि उघडीप मिळाली की ऊन दाखवावं.

रानभाज्यांवर पोट भरेल असं समजू नका, त्या तोंडीलावणं आहेत. टाकळा पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडेच कोवळा असतो. मग कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली येतात. शेवळं चिंच आणि काकड नावाच्या रानफळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा ओरबाडल्यासारखा खाजतो. पुस्तकातल्या फोटोवरून भाजी तोडू नका. वाडीतल्या बायकांबरोबर एक अख्खा पावसाळा हिंडा, त्या पान चुरडून वास देतील, देठ मोडून चीक दाखवतील, ते फोटोत येत नाही. अळंबी आणि अनोळखी कंद तर त्यांनी हातात दिल्याशिवाय खायचेच नाहीत. पावसात लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येणाऱ्या कळलावीचा कंद खाल्ला तर जीव जातो.

चुलीवर भागेल की गॅस न्यावा? – विक्रोळी

दोन्ही. दिवसाला तीन किलो सरपण धरा, चार महिन्यांना ३६० किलो. हे मेअखेर छपराखाली आलं पाहिजे, जमिनीपासून वीतभर उंच माचीवर, आणि रोजच्यापुरती मोळी चुलीच्या धगीच्या बाजूला. ऐन, धावडा, बाभूळ यांचा निखारा टिकतो. पांगारा, सावर भुरकन जळून जातात. बिब्ब्याचं लाकूड चुकूनही चुलीत नको, धुरानेही अंगावर उठतं. राखीव वनातून लाकूड तोडता येत नाही, तेव्हा वाडीकडून विकत घ्या. पाच किलोचं छोटं सिलिंडर एका माणसाला साधारण महिनाभर जातं. आजारपणात आणि झडीच्या आठवड्यात तेच कामाला येईल. रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

सापाची भीती वाटते. औषधाची लस जवळ ठेवता येईल का? – भांडुप

ठेवून उपयोग नाही. प्रतिविष शिरेतून द्यावं लागतं, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात आणि त्याचीच तीव्र ॲलर्जी उठली तर ती सावरायला डॉक्टर आणि ऑक्सिजन जवळ लागतो. एकट्याने टोचून घेणं जिवावर बेतेल.

आपल्याकडचे चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. फुरसे वीतभर-हातभर लांबीचं, दगडाखाली आणि पालापाचोळ्यात असतं. कोकणच्या कातळावर ते फार. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा कळतही नाही इतका हलका असतो, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात. म्हणून झोपायला बाज किंवा खाट हवी आणि मच्छरदाणी हवी. तिची कड नुसती खाली सोडायची नाही, गादीखाली चारही बाजूंनी हातभर आत खोचायची, आणि खोचण्याआधी आत बॅटरी फिरवून बघायची. खाटेखाली धान्याचे डबे नकोत. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. लाकडांची मोठी रास घरापासून वीस पावलं दूर ठेवा, घरात येणारी मोळी आधी बाहेर आपटून आणा. बुटात पाय घालण्याआधी तो उलटा करून झटका.

चावलाच तर वेळ लिहून ठेवा. अंगठी, घड्याळ, करदोटा काढा, सूज आली की ते रुततात. चावलेला हात-पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, साप मारत बसणं यातलं काही करू नका. आवळपट्टीने रक्त थांबून बोट किंवा पंजा कापावा लागल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग १०८ला फोन. पण १०८ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते आणि पायावर फुरसे चावलेल्या माणसाने डोंगर चालत उतरायचा नसतो. त्याला डोलीत घालून न्यावं लागतं आणि डोलीला चार माणसं लागतात.

जागा निवडतानाच ही परीक्षा घ्या. रात्री, पावसात, वाडीपर्यंत हाक किंवा शिट्टी ऐकू जाते का? वाडीतून रस्त्याला किती वेळ? तिथून प्रतिविष आणि रात्रीचा डॉक्टर असलेल्या रुग्णालयात किती वेळ? साठा आहे का हे मेमध्ये स्वतः जाऊन विचारून या. सगळं मिळून दोन तासांच्या आत बसत नसेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडा.

विंचवालाही हलकं घेऊ नका. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने घाम सुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपचार रुळवला आणि असंख्य जीव वाचले. ही गोळीही डॉक्टरांनीच, रक्तदाब बघत द्यायची असते. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस, रेबीजची आगाऊ लस आणि दातांची तपासणी करून घ्या. चष्म्याची दुसरी जोडी विसरू नका. पावसाळ्यात ताप आला आणि अंगावर काळ्या खपलीचा, न दुखणारा डाग दिसला तर तो स्क्रब टायफस असू शकतो. लेप्टोही याच दिवसांत. दोन्हींवर वेळेत साधी औषधं आहेत, पण अंगावर काढलेला ताप मारतो. दुसऱ्या दिवशी ताप असेल तर खाली उतरायचं.

रेंज नाही. परदेशातून उपग्रह फोन मागवू का? – अंधेरी

नको. परवान्याशिवाय असा फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, विमानतळावरच जप्त होतो आणि अटकही होते. त्याऐवजी ठरलेली खूण ठेवा. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी तुम्ही वाडीत उतरायचं किंवा ठरलेल्या दगडावर निरोपाची चिठ्ठी ठेवायची. एक बाजार चुकला तर वाडीतल्या कुणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी वर यायचं. हे काम फुकट करून घेऊ नका, महिन्याचे पैसे ठरवा.

मी निवृत्त आहे. वर्ष-दोन वर्षं खाली आलोच नाही तर पेन्शन, खातं, घर यांचं काय? – दादर

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, पण त्यासाठी रेंजमध्ये यावं लागेल. पावसाळा संपल्यावर एकदा शहरात येण्याचा दिवस त्याच महिन्यात धरा. खात्यात दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, मागितल्यावर मिळते, पण खेटे घालावे लागतात. खातं संयुक्त करा, वारस नोंदवा, सोसायटीच्या आणि विम्याच्या हप्त्यांची आपोआप वजावट लावा, विश्वासातल्या माणसाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्या. सात वर्षं कुणालाच ठावठिकाणा नसेल तर कायदा माणूस मेला असं गृहीत धरू शकतो. घरच्यांना पत्ता न सांगता जाऊ नका. त्यांना पोलिसात बेपत्ता म्हणून तक्रार द्यावी लागते आणि तुमच्यामुळे माणसं डोंगर पालथा घालत फिरतात.

नोकरी सोडल्यापासून यजमान 'मला कुणी नको, रानात जातो' एवढंच म्हणतात. अडवू की जाऊ देऊ? – एक भगिनी, परळ

ताई, आधी एक फरक बघा. यजमान जागा, पाणी, पुस्तकं, झाडं याबद्दल बोलतात का, की फक्त इथून सुटण्याबद्दल? जेवण तुटलंय, झोप उडालीय, आवडीच्या वस्तू वाटून टाकताहेत, 'माझ्यावाचून तुमचं बरं चालेल' म्हणताहेत, असं असेल तर रान हा उपाय नाही. त्यांना एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी फोनसेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

ओढ खरी असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी जाऊ द्या. आधी तीन दिवस. मग दहा. मग हिवाळ्यातला एक महिना. मग मे महिना, कारण पाण्याची खरी परीक्षा तेव्हा होते. पावसाळा सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीनंतर घरी येऊन निदान पंधरा दिवस राहायचं आणि मगच पुढचं ठरवायचं. पहिल्या तीन दिवसांत उत्साह असतो. घसरण बहुधा दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. चूल पेटवायचा कंटाळा, दिवसा झोप, रात्री जाग.

एकट्या माणसाचं काळाचं भान किती सुटतं याचं उदाहरण आहे. मिशेल सिफ्र हे फ्रेंच संशोधक १९६२मध्ये घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला त्यांना बाहेर बोलावलं तेव्हा त्यांच्या हिशेबाने ऑगस्टची २० तारीख होती. म्हणून रोज सकाळी वहीत तारीख, सरळ उभ्या डब्यात मोजलेला पाऊस आणि काल काय खाल्लं हे तीन रकाने भरायला सांगा. तुम्ही भेटाल तेव्हा ती वही बघा. दोन-तीन दिवसांच्या तारखा गळल्या असतील, जेवणाच्या रकान्यात नुसता चहा असेल, किंवा वाडीतले लोक आपल्याविरुद्ध काही करताहेत असं लिहिलेलं दिसलं, तर त्या दिवशी त्यांना सोबत घेऊनच खाली या. मौन पाळणार असतील तरी दिवसातून एकदा मोठ्याने काहीतरी म्हणावं, हरिपाठ चालेल, पाढे चालतील.

आणि तुमचा हक्क सोडू नका. तुकोबा भामचंद्र-भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, तेही देहूत परत येत. अमेरिकेतल्या मेन राज्यात एक माणूस १९८६पासून सत्तावीस वर्षं रानात जवळजवळ कुणाशीही न बोलता राहिला, पण त्याचं अन्न आसपासच्या बंद घरांतून हजारभर चोऱ्या करून आलेलं होतं. तुमच्या घरातला खर्च, मुलांची जबाबदारी, आजारपणात कोण धावणार हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या होऊ द्या. त्यानंतर त्यांनी निघावं.

सोबतीला कुत्रा पाळू का? – गोरेगाव

बिबट्याच्या रानात कुत्रा म्हणजे बिबट्याला निमंत्रण. पाळायचाच असेल तर दिवे लागायच्या आत तो घरात आणि दाराला कडी. गळ्यात धनगर घालतात तसा खिळ्यांचा पट्टा, दरवर्षी रेबीजची लस. खरकटं अंगणात टाकू नका, पुरा. आणि पहाटे अंधारात परसाकडे जाताना कुत्र्याच्या भरवशावर राहू नका. वाकून किंवा उकिडवं बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. शौचकूप घराला लागून, उजेड पडेल असा, झऱ्यापासून शंभर फूट उताराच्या बाजूला बांधा, आणि प्रत्येक वेळी अर्धा मग राख टाका.